३० ट्रिलियन डॉलर आणि २७ अश्वशक्ती : नीती आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष व सर्व सदस्य,
नीती आयोग, संसद मार्ग, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

२०४७ साली भारताची अर्थव्यवस्था ३० ट्रिलियन डॉलरची, म्हणजे आपल्या मोजणीत ३० लाख कोटी डॉलरची, आणि दरडोई उत्पन्न १८ हजार डॉलरचे असेल, असे तुमच्या दृष्टिपत्रात लिहिले आहे. आज आपण चार ट्रिलियनच्या आसपास आहोत आणि दरडोई अडीच-पावणेतीन हजारांत. मी इचलकरंजीत कर सल्लागार आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक यंत्रमागवाले. आकडे मोठे करून दाखवणारे आणि लहान करून दाखवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक माझ्या टेबलासमोर बसतात. कर्ज काढायला आलेला माणूस पहिल्या प्रकारचा असतो, बाकी सगळे दुसऱ्या. तुमचे दृष्टिपत्र पहिल्या प्रकारात मोडते की नाही, हे मी ठरवणार नाही. मला दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या मते देशाची पुढच्या वीस-बावीस वर्षांची वाढ तिथे अडलेली आहे.

इचलकरंजीतली नेहमीची शेड तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. पत्र्याचे छप्पर, आत बारा-बारा मागांच्या दोन रांगा, असे चोवीस साधे माग. कानठळ्या बसवणारा खडखडाट, आणि हवेत तरंगणारी सुताची धूळ. एक कामगार सहा-आठ माग सांभाळतो. माग बिघडला की जॉबर, बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, कांड्या भरायला एखादी बाई, नवे बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, जोडायला बाहेरून येणारा वहिफणी कामगार, आणि लिखापढीला दिवाणजी, तोही तीन शेडमध्ये मिळून एक. मालक खर्चीवाला असेल तर सूतसुद्धा त्याचे नसते. व्यापारी बीम आणि बाण्याचे सूत देतो, हा कापड विणून परत करतो आणि मजुरी घेतो. मजुरी ठरते पिकावर, म्हणजे इंचभर कापडात बाण्याचे किती धागे बसले त्यावर, आणि ती पैशांत मोजतात. विणलेले कोरे कापड राजस्थानात पाली-बालोत्रा, नाहीतर अहमदाबादकडे प्रोसेसला, म्हणजे रंगाई-छपाईला, जाते. त्याचा शर्ट कुठे झाला, कुणी घातला, हे शेडच्या मालकाला आयुष्यात कळत नाही.

आता चोवीसच माग का? पंचवीस, तीस, शंभर का नाहीत?

साध्या मागाची मोटर एक अश्वशक्तीच्या आसपासची असते. चोवीस माग, पंखे, दिवे, कांडी मशीन धरले तरी जोडभार २७ अश्वशक्तीच्या आत बसतो. आणि २७ अश्वशक्ती, म्हणजे साधारण वीस किलोवॉट, ही आमच्याकडची लक्ष्मणरेषा आहे. मूळ वीजदरात तिथे टप्पा बदलतो. वर राज्य सरकारची सवलत असते, तीही त्याच रेषेवर बदलते. मार्च २०२४ मध्ये जी वाढीव सवलत जाहीर झाली तीत २७ अश्वशक्तीच्या आतल्यांना युनिटमागे एक रुपया, त्यावरच्यांना ७५ पैसे. पंचवीस पैशांचा फरक दिल्लीत बसून हसण्यासारखा वाटेल. पण जिथे मजुरीच पिकामागे पैशांत घासून ठरते, तिथे युनिटमागचे पंचवीस पैसे म्हणजे वर्षाअखेरीस नफा आणि तोटा यांतला फरक होऊ शकतो. म्हणून धंदा बरा चालला की माणूस त्याच शेडमध्ये माग वाढवत नाही. धाकट्या भावाच्या नावाने शेजारी दुसरी शेड टाकतो, दुसरा मीटर घेतो. मग मुलाच्या नावाने तिसरी. आजोबांचे चोवीस माग होते. आज चार नातवांचे मिळून शहाण्णव आहेत, पण शहाण्णव मागांचा कारखाना कुठेच नाही. चोवीसचे चार आहेत. चार मीटर, चार कर्जखाती, चार विवरणपत्रे. मला कामे चार मिळतात, माझी काही तक्रार नाही!

ही सवलत राज्याची आहे, तुमची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या नियामक परिषदेत सगळ्या राज्यांचे मुख्यमंत्री बसतात. आणि रेषा फक्त विजेची नाही. मार्च महिन्यात माझ्या ऑफिसात येऊन बसा. संध्याकाळी सातनंतर एकेक जण येतो, खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, हे बिल एप्रिलात टाकूया की. कशाला उगंच लाइन क्रॉस करायची?" कुणाला जीएसटी नोंदणीची चाळीस लाखांची रेषा, कुणाला अंदाजित उत्पन्नावर कर भरण्याच्या योजनेची, कुणाला ऑडिटची, कुणाला कामगार कायद्याची. यातली चोरी किती आणि नुसता धसका किती, असे विचाराल तर माझ्या अनुभवात धसका जास्त. रेषेपलीकडे नेमके काय आहे हे त्यांना माहीत नसते. पलीकडे गेलेल्या एखाद्याला इन्स्पेक्टरने कसे हैराण केले, ती गोष्ट मात्र गावभर माहीत असते.

तुम्ही म्हणाल, सूक्ष्म-लघु उद्योगांच्या मर्यादा आम्ही वाढवल्या. खरे आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढाल मर्यादा दहा कोटी झाली, लघुची शंभर कोटी, मध्यमची पाचशे कोटी. वरच्या गटात गेल्यावर करेतर सवलती तीन वर्षे चालू ठेवायची मुभाही २०२२ पासून आहे. चांगले केलेत. पण रेषा पुढे सरकवली म्हणजे ती पुसली गेली असे होत नाही. ती नव्या जागी दिसू लागते, आणि हुशार माणूस तिच्या अलीकडे थांबायला शिकतो.

कधीकधी तर मदतच उलटते. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आले. सूक्ष्म-लघु उद्योजकाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. हेतू सोन्यासारखा. आमच्याकडे कापडाची उधारी तीन-तीन, चार-चार महिने चालते. खर्चीवाल्याची मजुरीही लोंबकळते. कायदा लागू होताच बाजारात काय झाले? काही व्यापाऱ्यांनी सरळ सांगितले, उद्यमची, म्हणजे केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पोर्टलवरची, नोंदणी असेल तर माल नको. मध्यम उद्योगाला हे कलम लागू नाही, मग मोठी खरेदी तिकडून केलेली बरी. लोक माझ्याकडे नोंदणी रद्द करायला आले. ज्याचे पैसे लवकर मिळावेत म्हणून कायदा केला, तो माणूस 'मला लहान म्हणू नका' अशी विनंती घेऊन आला. एरवी वर्षभर तोच 'मला लहानच राहू द्या' म्हणत असतो.

चँग-ताई शे आणि पीटर क्लिनो या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये अमेरिका, मेक्सिको आणि भारतातल्या कारखान्यांचे वय आणि आकार ताडून पाहिले. अमेरिकेत चाळीस वर्षे टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून मोठा असतो. मेक्सिकोत आणि भारतात जेमतेम दुप्पट. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. सरकारनेच २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत हे कबूल केले होते: दहा वर्षांहून जुने आणि तरी शंभराहून कमी कामगारांचे असे खुजे कारखाने संघटित उत्पादन क्षेत्रात संख्येने निम्मे आहेत, आणि रोजगारात त्यांचा वाटा जेमतेम १४ टक्के, उत्पादकतेत ८. त्याच पाहणीत उपायही होता. सवलत आकारावर देऊ नका, वयावर द्या, आणि तिला मुदत घाला. नवा उद्योग आहे, पहिली काही वर्षे हात धरा, नंतर सोडा. आपण वीस वर्षांच्या पोराला दुपट्यात गुंडाळून ठेवतो आणि वर, हा चालत का नाही म्हणून समिती नेमतो. त्या शिफारशीचे पुढे काय झाले?

आता देशांच्या गोष्टीकडे येतो, कारण तुमचा आकडा शेवटी देशाचा आहे.

जागतिक बँकेने २०२५ च्या सुरुवातीला हिशेब मांडला. भारताला २०४७ पर्यंत उच्च उत्पन्नाच्या गटात जायचे तर दरसाल सरासरी ७.८ टक्के वाढ लागेल. २००० ते २०२४ ची सरासरी ६.३. दीड टक्क्याचा फरक, म्हणून कुणी सोडून देईल. माझ्यासारख्याने चक्रवाढ केल्याशिवाय राहवत नाही: बावीस वर्षांत ६.३ ने अर्थव्यवस्था ३.८ पट होते, ७.८ ने ५.२ पट. मुद्दा असा की ६.३ हीच आपली चांगली वर्षे होती. लँट प्रिचेट आणि लॅरी समर्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले आहे की सहा टक्क्यांहून वेगाने धावणाऱ्या देशांची ही धाव बहुधा दशकभरात संपते. मध्यक काढला तर नऊ वर्षे. चीन-कोरिया हे अपवाद. नियम म्हणजे ब्राझील, थायलंड.

ब्राझीलचे उदाहरण उगाळून झाले आहे, तरी एकदा बघा. १९६८ ते ७३ या काळात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ. सगळे जग चमत्कार म्हणत होते. मग तेल महागले, परकीय कर्ज काढून वेग टिकवला, १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेचे दशक वाया गेले. २००३ मध्ये गोल्डमन सॅक्सने ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांचे २०५० पर्यंतचे भविष्य रंगवले. ब्राझीलचे दरडोई उत्पन्न २०११ मध्ये १३ हजार डॉलरच्या वर होते, २०२४ मध्ये ते १० हजारांच्या आसपास. चौघांच्या नावाने काढलेला फंड त्याच बँकेने २०१५ मध्ये गुंडाळला. थायलंडची कथा जास्त बोलकी, कारण तिथे कारखाने होते, निर्यात होती. १९९७ च्या आधीची दहा वर्षे नऊ टक्क्यांच्या आसपास वाढ. जुलै ९७ मध्ये त्यांचे चलन, बाट, कोसळले. संकट दोन वर्षांत सरले, पण तो वेग परत आला नाही. गेल्या दशकात ते दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळत आहेत. जागतिक बँकेच्याच २०२४ च्या अहवालात आहे, की १९९० पासून फक्त ३४ मध्यम उत्पन्नाचे देश वरच्या गटात जाऊ शकले, आणि त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून जास्त युरोपीय संघात सामील झाले म्हणून किंवा तेल सापडले म्हणून. आपल्याकडे दोन्हीची शक्यता नाही.

याचा अर्थ आपण हरलो असा नाही. वेग आपोआप टिकत नाही, एवढाच. ज्यांचा टिकला त्यांच्याकडे काय होते? अर्थतज्ज्ञ पन्नास गोष्टी सांगतील. मला कापडातले कळते, म्हणून शेजारच्या बांगलादेशाचे सांगतो. आमच्या बाजारात हे नाव घेतले की लोक लगेच स्वस्त मजुरीवर येतात. मजुरी आमच्याकडे तरी कुठे महाग आहे?

१९७९ साली चितगावात देश गारमेंट्स नावाची कंपनी होती. तिने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० माणसे सहा महिन्यांसाठी बुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवली. शिलाई, कटिंग, पॅकिंग, मालाची तपासणी, परदेशी खरेदीदाराशी बोलणे, बँकेतून पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे मिळतील अशी बँकेची हमी) उघडणे, सगळे. परत आल्यावर काही वर्षांत त्यांतले शंभराहून जास्त जण नोकरी सोडून गेले आणि बहुतेकांनी स्वतःचे किंवा भागीदारीत कारखाने काढले. कंपनीचे नुकसान झाले असेल, देशाचे भले झाले. सरकारने दोनच गोष्टी केल्या: निर्यातीसाठी आणलेले कापड बिनशुल्क गोदामात ठेवू दिले, आणि परदेशी ऑर्डरच्या पतपत्रावर कापडाचे पतपत्र उघडू दिले, म्हणजे पदरचे भांडवल नसले तरी मोठी ऑर्डर घेता आली. त्या देशात कापूस जवळपास पिकत नाही. आज त्याची तयार कपड्यांची निर्यात वर्षाला ३८-३९ अब्ज डॉलरची. आपली १६ च्या घरात. कापसाखालचे सर्वाधिक क्षेत्र आपल्या महाराष्ट्रात, सर्वाधिक यंत्रमागही महाराष्ट्रात.

त्या वर्षांत आपण काय करत होतो? १९६७ पासून लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवत होतो. यादी आठशेच्या वर गेली. तयार कपडे त्यात होते. बुसानहून आलेल्या पोरांचे बांगलादेशात मोठे कारखाने उभे राहत होते तेव्हा आपल्याकडे मोठा शिलाई कारखाना काढणे म्हणजे परवान्यांशी झुंज होती. कपडे त्या यादीतून बाहेर पडायला २००१ उजाडले. होजिअरीचे कपडे २००५ मध्ये सुटले. शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये. तोवर गिऱ्हाइकाने आपला पत्ता खोडून टाकला होता. कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १९८० च्या दशकात तीनशे कामगारांवरून शंभरावर आणली गेली, ती देशभर परत तीनशेवर जायला नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू व्हावी लागली. चाळीस वर्षे.

मोठ्या कारखान्यांविषयी महाराष्ट्राच्या मनात काय आहे, हेही मी विसरलेलो नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. गिरण्या पुन्हा धड उघडल्याच नाहीत आणि त्यांचे विणकाम भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीला आले. आमचे गाव त्यावर वाढले. म्हणजे ज्या लहानपणाची मी तक्रार करतोय, त्यावरच आमची दोन पिढ्यांची रोजीरोटी चालली, हे मान्य केले पाहिजे. पण या यंत्रमागांत बारा-बारा तासांच्या पाळ्या आल्या, भविष्य निर्वाह निधी गेला, आणि कामगार कुणाचा हे सांगणाराच उरला नाही. मोठा म्हणजे शोषण करणारा आणि लहान म्हणजे बिचारा, ही वाटणी मला कामगारांच्या हजेरीपुस्तकात कधी दिसली नाही. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसे गेली. पण त्यानंतर परदेशी खरेदीदारांना करार करावा लागला, शेकडो कारखान्यांत आगीची आणि इमारतीची तपासणी झाली, कारण कारखाने मोजता येण्याजोगे होते. आमच्या गल्लीबोळांतल्या शेड कोण तपासणार? शॉर्टसर्किटने शेड जळते, स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

व्हिएतनामचे नाव अलीकडे सगळे घेतात. दहा कोटी लोकांचा देश, २०२४ मध्ये ४०० अब्ज डॉलरहून जास्त मालाची निर्यात. १४० कोटींचा आपला देश ४३७ अब्जांच्या आसपास. त्यांचीही दुखणी आहेत. निर्यातीतला सत्तर टक्क्यांच्या वर वाटा परदेशी कंपन्यांचा, आणि सॅमसंगला शिंक आली की हनोईला सर्दी. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्यावर ५० टक्के शुल्क लावल्यावर तिरुपूरपासून सुरतेपर्यंत ऑर्डरी कशा थांबल्या ते आपण पाहिलेच. कोरियाला १९७० मध्ये जसा बाजार उघडा मिळाला तसा आता मिळणार नाही. मग तर घरातल्या बिघाडाकडे दुर्लक्ष करायला अजिबात सवड नाही.

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ च्या २३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये सुमारे ४२ वर गेला, हा आकडा तुमच्या सादरीकरणांत असतो. तो खोटा नाही. पण त्यातली बरीच वाढ खेड्यातल्या स्वयंरोजगाराची आहे, आणि त्यात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायका आहेत. आमच्या शेडमध्ये त्या आहेतच की: नवऱ्याच्या मागावर कांड्या भरतात, पाहणीत 'कामात' म्हणून नोंद होते, पगार शून्य. याच काळात शेतीतल्या रोजगाराचा वाटा सुमारे ४४ वरून ४६ टक्क्यांवर गेला. वाढणाऱ्या देशात तो खाली यायला हवा. चोवीस मागांच्या शेडमध्ये बाईला रात्रपाळी देता येत नाही. स्वच्छतागृह नसते, पाळणाघर तर सोडाच, आणि मालकाला ते परवडणारही नाही. हजार मशीनच्या कारखान्याला परवडते. देशातल्या कारखान्यांतल्या महिला कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या तमिळनाडूत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कामगार मुलींसाठी १८,७२० जणींचे वसतिगृह उघडले, राज्याच्या औद्योगिक महामंडळाने बांधलेले. गावाकडचा बाप मुलीला का पाठवतो, तर रात्री ती कुठे झोपणार हे त्याला माहीत असते म्हणून. तुमच्याच आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये कामगारांच्या निवासावर चांगला अहवाल काढला. मी तो वाचला. अमरावतीच्या नांदगाव पेठेत जे पीएम मित्रा वस्त्रोद्यान होते आहे त्यात हे पहिल्या दिवसापासून असेल का? की आधी प्लॉट, मग रस्ता, मग उद्घाटन, आणि मुलींची सोय 'दुसऱ्या टप्प्यात'?

माझे मागणे थोडे आहे. सवलती काढून टाका असे मी म्हणत नाही. तसे लिहिले तर मोर्चा माझ्याच दारात येईल आणि योग्य तेच होईल. केंद्राच्या आणि राज्यांच्या कुठल्या सवलती कुठल्या रेषेवर तुटतात, वीजदरापासून व्याज अनुदानापर्यंत, याची एक यादी करा. ती कुणाकडेच नाही. माझ्याकडे इचलकरंजीपुरती आहे, हवी तर पाठवतो. मग एकेक सवलत आकारावरून वयावर न्या: उद्योग सुरू झाल्यापासून अमुक वर्षे, आकार कितीही होवो. जो वाढला त्याला दंड नको. चोवीसचे अठ्ठेचाळीस केले म्हणून ज्याची सवलत पंचवीस पैशांनी घटते, त्याला तुम्ही कितीही दृष्टिपत्रे वाचून दाखवा, तो आधी विजेचे बिल वाचणार. चार भावांनी आपले मीटर, आपली खाती एकत्र करून एक कंपनी केली तर निदान पाच वर्षे कुणाचेही काही कमी होणार नाही, एवढी हमी द्या. विलीनीकरण हा शब्द फक्त बँकांसाठी आणि बड्या कंपन्यांसाठी राखून ठेवू नका.

दुसरे म्हणजे तुमच्या दृष्टिपत्राच्या पहिल्या पानावर ३० ट्रिलियनच्या शेजारी आणखी एक आकडा छापा. उद्यम पोर्टलवरच्या नोंदींपैकी ९८ टक्क्यांहून जास्त सूक्ष्म आहेत. त्यांतले दरवर्षी किती सूक्ष्माचे लघु झाले, लघुचे मध्यम झाले, हे संसदेतल्या उत्तरांत कधीतरी तुकड्यातुकड्याने येते. ते जिल्हावार छापा, दरवर्षी, ठरलेल्या तारखेला. मर्यादा बदलल्यामुळे किती सरकले ते वेगळे दाखवा, नाहीतर रेषा हलवून वाढ दाखवणे सोपे आहे. आम्ही या धंद्यात आहोत, आम्हाला ते कळते. डॉलरमधला ३० ट्रिलियनचा आकडा रुपयाच्या भावावर, महागाईवर, अमेरिकेच्या व्याजदरावर हलतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला, त्यात इचलकरंजीच्या विणकराने काय चूक केली होती? जिल्ह्यातले किती कारखाने वाढले या आकड्यावर मात्र तुम्हाला आणि मुख्यमंत्र्यांना दोघांना जाब विचारता येतो.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्याने. तेव्हा देवूचा जन्मही व्हायचा होता. गाव २०२२ मध्ये महानगरपालिका झाले. साधे माग अजून हजारोंनी खडखडत आहेत, आणि ज्यांनी एअरजेट, रॅपिअर असे नवे वेगवान माग घेतले त्यांच्यातले कित्येक हप्त्यांच्या आणि रखडलेल्या अनुदानाच्या कात्रीत आहेत. त्यांच्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

तुमच्यापैकी कुणी आले तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या. संध्याकाळी सातनंतर. मी कुणाचे नाव सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका, पण खुर्ची पुढे ओढून बसणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न जरूर विचारा: "धंदा दुप्पट करायला तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" उत्तरे लिहून घ्यायला माणूस मी देतो.

आपला,
इचलकरंजीतील एक कर सल्लागार